अस्तरातली खारुताई

आमच्या घरात वस्तू हरवत नसत. त्या आमच्या मुलीबरोबर बाहेर जात आणि तिच्याशिवाय कुठेतरी मुक्काम करत. छत्री मैत्रिणीकडे, डबा वर्गातल्या बाकाखाली, चष्मा वाचनालयात, आणि एकदा तर एक बूट पोहण्याच्या तलावावर. हो, एकच. उरलेला एक बूट घालून एवढं अंतर चालत कशी आलीस, असं विचारलं तर म्हणाली, "मला वाटलं आज रस्ताच वरखाली आहे." अशा पोरीला रागवायचं तरी कसं? मी रागवायचे, ती गोष्ट वेगळी. मला रागवायला फारसं कारण लागत नाही.

तिला आम्ही खारुताई म्हणायचो. खार कशी, काहीतरी उचलते, कुठेतरी दडवते आणि मग झाडभर शोधत फिरते. फरक एवढाच, की आमची खारुताई शोधत फिरायची नाही. शोधायचं काम माझं.

माझा नवरा शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात, म्हणून चारचौघांत मीही मास्तरच म्हणते. खाली दुकान, वर आमच्या दोन खोल्या. कापणं आणि शिवणं त्यांचं. काजं, बटणं, तुरपाई आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. मास्तर दिवसभरात जेवढं बोलतात तेवढं मी चहा गाळेपर्यंत बोलून मोकळी होते. घरच्यांचे कपडे गिऱ्हाइकांचं काम संपल्यावर शिवायचे असा त्यांचा नियम, म्हणजे कधीच नाही. पण पोरीला विसावं लागलं तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता तिच्यासाठी कोट शिवला. गर्द हिरवी लोकर, आत तांबडं अस्तर. खांदा असा बसला होता, की ती आरशासमोरून हलेना. मास्तर कात्रीला तेल देत खाली मान घालून उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

पहिल्याच महिन्यात ती तो कोट तीनदा विसरली. शिवाय काढला की बोळा करून फेकायची. त्याची घडी कशी घालायची हे मास्तरांनी तिला हजारदा दाखवलं असेल. अस्तर बाहेर, बाह्या आत, एक खांदा दुसऱ्या खांद्यात बसवलेला, म्हणजे कापडाच्या सुलट बाजूला धूळ लागत नाही. आमच्या दुकानातून तयार कोट असाच बाहेर पडतो. त्यांच्या गुरूने त्यांना ही घडी शिकवली, त्यांनी मला, आणि दुसऱ्या कुठल्या दुकानात मी ती पाहिलेली नाही. पोरीला मात्र काही केल्या जमेना. जमेना म्हणजे काय, ती करतच नसे. "घडी!" असं मास्तर ओरडले की समजायचं, बाईसाहेब घरी आल्या.

शेवटी तिनेच ती चकती आणली. पांढरी, कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. वस्तूला लावायची आणि फोनशी जोडायची. वस्तू जवळपास असली की फोनवरून ती वाजवता येते. लांब असली तर येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोन तिला ओळखतात आणि ती कुठे आहे ते आपल्याला नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसतं. मला यातलं अर्धंच कळलं. तिने माझ्या फोनवर सगळं मराठीत करून दिलं.

"माझ्या फोनवर कशाला? कोट तुझा."

"पण शोधणारी तू ना? मी फोनसुद्धा विसरते आई."

फोनने वस्तूचं नाव विचारलं. तिने लिहिलं, खारुताई.

"अगं, कोट लिही ना."

"कोट बिचारा कुठे हरवतो? हरवते मी," ती म्हणाली.

मी कॉलरच्या खाली, लोकर आणि अस्तर यांच्या मधे, एक लहानसा खिसा करून त्यात ती चकती शिवून टाकली. गोल टाका, अस्तराच्याच रंगाचा दोरा. असा बेमालूम, की उद्या मलाच शोधावा लागला असता. तिने बोटाने चाचपून पाहिलं आणि माझ्या गालाचा पापा घेतला. मग घरात एक कायदा झाला, तोही मास्तरांचा: ठिपका कुठे आहे ते आई सांगेल, पण जो विसरेल त्यानेच जाऊन आणायचं. कायदा लागू पडला. ती ओरडत जायची, पण जायची.

आता भांडणाचं सांगते. तिला नर्स व्हायचं होतं आणि मास्तरांना ती मशीनवर हवी होती. यात कोणी वाईट नव्हतं. त्यांना वाटायचं, एवढी कमावलेली कला हातातून जाईल. तिला वाटायचं, या दुकानात बसून आपण सुईसारखे बारीक होऊन जाऊ. महिनोन्महिने धुसफूस चालली होती. त्या दिवशी सकाळी शब्दाने शब्द वाढला.

"मला माणसं बरी करायची आहेत, बाबा. पॅन्टा आखूड करायच्या नाहीत."

"आधी एक शिवण सरळ घाल, मग माणसं बरी कर."

मी मधे पडले. माझ्या मधे पडण्याने आजवर एकही भांडण मिटलेलं नाही, हेही मिटलं नाही. मास्तरांच्या गळ्यात टेप होती, हातात खडू. एरवी तोंडातून शब्द न फुटणारा माणूस, पण त्या दिवशी फुटला.

"जायचं तर खुशाल जा. पण मग माझ्या हातचा एक टाका अंगावर ठेवू नकोस."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग खुंटीवरचा हिरवा कोट काढला, त्यांच्या समोर उभं राहून अंगात घातला, सगळी बटणं लावली, अगदी गळ्याचंसुद्धा, नेहमीची पिशवी खांद्याला अडकवली आणि पायऱ्या उतरली. नाकावर राग आहे, दुपारपर्यंत उतरेल, असं मला वाटलं. मी मागून नेहमीचंच ओरडले, "येताना कोट विसरू नकोस!"

दुपारी फोन पाहिला तर ठिपका बसस्टँडवर. चहाच्या वेळी पाहिला, तिथेच. आमच्या दुकानापासून बसस्टँड असं किती लांब? गल्ली ओलांडून बाजाराच्या टोकाला.

"तुमची लेक परत कोट विसरली," मी मास्तरांना म्हणाले. "बसस्टँडवर पडलाय."

"आणेल," ते म्हणाले. "जो विसरेल त्याने."

माझ्यापुढे तुरपाईचा ढीग होता. मी पुन्हा सुईत दोरा ओवला. संध्याकाळी दिवे लागल्यावर ठिपका हलला, तेव्हा मी म्हटलं, आली बाई आठवण. पण ठिपका घराकडे यायच्या ऐवजी पूल ओलांडून नदीपलीकडे गेला आणि तिथेच राहिला. रात्री तिचा फोन बंद. कपाट उघडलं तर आतले तिचे रोजचे कपडे गेलेले. त्या पिशवीत तेवढेच मावले असतील.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून निरोप आला. मी ठीक आहे. मला शोधायला येऊ नका, आलात तर आणखी लांब जाईन. मी लगेच त्या नंबरावर फोन लावला, पण तो लागला नाही आणि पुढेही कधी लागला नाही.

नदीपलीकडे म्हणजे बसने काही थांबे. मी जाऊ शकत होते. कितीदा चपला घातल्या आणि काढल्या. पण आमची पोर बोलल्याप्रमाणे करते, त्या बाबतीत ती बापावर गेली आहे. गेले आणि ती खरंच आणखी लांब गेली तर? आणि मला एक आधार होता. कोटात चकती आहे हे तिला माहीत होतं. तिच्याच डोळ्यांदेखत मी ती शिवली होती. नको असती तर कात्रीच्या एका टोकाने तिने अस्तर उसवून ती फेकून दिली असती. तिने टाका उसवला नाही. याचा अर्थ, येऊ नका म्हणते, पण बघत राहा असंही म्हणते. हा अर्थ मी लावला आणि उराशी धरून बसले.

मग ठिपक्याचा संसार सुरू झाला. पहाटे ठिपका नदीपलीकडून निघायचा आणि एका बेकरीच्या गल्लीत थांबायचा. दुपारी कधी घरी जायचा, आणि आठवड्यातून तीनदा मोठ्या इस्पितळात. पहिल्यांदा इस्पितळ दिसलं तेव्हा मला वाटलं, पोर आजारी पडली. पण दर आठवड्याला तेच वार, तीच वेळ. आजारी माणूस असं वेळापत्रक लावून आजारी पडतं का? मी दुकानात बसल्याबसल्या टाळी वाजवली. पोर सकाळी बेकरीत काम करते आणि दुपारी नर्सिंग शिकते! त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते ऐकवलं. एक बाई ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडायला आली होती, तिलासुद्धा. ती भांडण विसरून अभिनंदन करून गेली.

एकदा मात्र राहवलं नाही. बाजार ओलांडून त्या बेकरीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. भाजलेल्या पावाचा वास येत होता. फोनवर ठिपका होता, वीसेक घरं पुढे. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हिला दिसले तर ही जाईल, एवढंच डोक्यात. वास घेतला आणि परत फिरले. घरी येऊन मास्तरांना म्हणाले, "जागा चांगली आहे. ऊब असेल भट्टीची." त्या रात्री ते एक पोळी जास्त जेवले.

मास्तर ठिपका बघत नसत. म्हणजे बघतात हे दिसू देत नसत. टेबलावर वाकून कापताकापता, जणू कापडालाच विचारतायत असं विचारायचे, "कोट घालते ना?"

"रोज घालते. कोटाशिवाय पाऊल बाहेर टाकत नाही तुमची लेक."

"हं."

एवढंच. पण त्या 'हं'साठी मी रोज तो प्रश्न येण्याची वाट बघायचे. ते काय बोलले होते ते त्यांना आठवत होतं, मलाही. आणि पोर त्यांच्या हातचे टाके अंगावर घेऊन शहरभर फिरत होती. माफ केलं, असं कुणी याहून स्पष्ट कसं सांगणार? त्यांना चष्म्याशिवाय फोन वाचता येत नाही, म्हणून ठिपक्याची प्रत्येक बातमी मी मोठ्याने वाचून दाखवायची. "खारुताई बेकरीत." "खारुताई पुलावर." "खारुताई इस्पितळात." आम्हा दोघांचा तो रेडिओ झाला.

थंडीच्या भरात एका सुट्टीच्या दिवशी खालून मशीनचा आवाज आला. उतरून पाहिलं तर मास्तर पांढरं कापड शिवत होते. नर्सचा गणवेश. कॉलर, खिसा, खिशावर पेन ठेवायला वेगळी शिवण.

"कुणाचा?"

"ऑर्डर आहे."

"माप कुठाय?"

ते मशीन चालवत राहिले. माप त्यांच्या बोटांत होतं. मी वर जाऊन चहा टाकला आणि चहापुढे उभी राहून पोटभर रडले. फार दिवसांनी आलेलं ते आनंदाचं रडू होतं. गणवेश इस्त्री होऊन, घडी घालून, पिशवीत जाऊन खुंटीवर लागला, जिथे पूर्वी कोट असायचा. अजून द्यायची वेळ आलेली नाही, एवढंच ते म्हणाले.

मग एका आठवड्यात ठिपका इस्पितळात गेला आणि परत निघालाच नाही. संध्याकाळ झाली, तिथेच. दुसरी सकाळ, तिथेच. बेकरी नाही, पूल नाही. जास्तीची पाळी लागली असेल, मी म्हटलं. तिसऱ्या दिवशी फोनवर निरोप आला: खारुताईची बॅटरी संपत आली आहे. चकती मी शिवून टाकली होती. एवढी शहाणी मी, बॅटरी बदलायची वाट ठेवली नव्हती. बॅटरी गेली की ठिपका गेला, आणि ठिपका गेला की पोर.

मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. त्यांना दिवसा टेपशिवाय मी क्वचितच पाहिलं असेल.

"चल," ते म्हणाले.

"लांब गेली तर?"

"आजारी असेल तर कुठे जाईल?" त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली.

इस्पितळात खिडकीवरच्या सिस्टरला मी पोरीचं नाव सांगितलं. शिकणाऱ्या मुलींत असं कुणी नाही, ती म्हणाली. "नवीन असेल हो," मी म्हटलं. तिने पुन्हा पाहिलं. नाही. मग तिने दाखल झालेल्या पेशंटांत पाहिलं. तिथेही नाही. "नाव वेगळं सांगितलं असेल," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना. मास्तर माझ्या कोपराला धरून उभे होते.

"वाजव," ते म्हणाले.

कधीच वाजवली नव्हती मी ती चकती, पोर चिडेल म्हणून. आता बटण दाबलं आणि आम्ही मजलेमजले चढत निघालो. पहिल्यावर काही नाही. दुसऱ्यावर फोन म्हणाला, खारुताई जवळ आहे. कॉरिडॉरच्या टोकाला बायकांचा वॉर्ड होता, आणि दाराशी पोचलो तेव्हा ऐकू आलं. बारीक, चिवचिव केल्यासारखं. भेटायची वेळ होती, लोक ये-जा करत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही दोघं खाटांच्या मधून त्या आवाजाच्या मागे चाललो, एकेक खाट ओलांडत.

खिडकीशेजारच्या खाटेवर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. डोक्यावरून चादर, आणि चादरीवर पसरलेला हिरवा कोट. केवढं बारीक झालं होतं ते शरीर. शेजारच्या स्टुलावर एक बाई गोंधळून कोट झटकत होती, आवाज कुठून येतोय ते तिला कळेना. मला ती बाई दिसलीच नाही म्हटलं तरी चालेल. मी खाटेवर वाकले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "खारुताई. आम्ही आलो गं. दोघंही आलोय."

चादर हलली. आतून पांढऱ्या केसांच्या एका आजींनी माझ्याकडे पाहिलं.

"कोण हवंय ताई?" स्टुलावरच्या बाईने विचारलं. साधी, माझ्याच वयाची, हाताच्या भेगांत पीठ भरलेली. खाटेवरची तिची थोरली बहीण. आठवड्यातून तीनदा उपचाराला आणावं लागायचं, आता तब्येत बिघडली म्हणून ठेवून घेतलं होतं. बाई बेकरीत काम करते. नदीपलीकडे राहते. मी चकती बंद केली. मास्तर कोटाच्या बाहीला हात लावून उभे होते, बोटांनी शिवण चाचपत.

"हा कोट कुठून आणलात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "आमच्या मुलीचा आहे हा."

बाई घाबरली. चोरी नाही केली हो, म्हणाली. "मी बसस्टँडवरून बस धरते ना. त्या दिवशी एक मुलगी बसली होती, शेवटच्या बाकावर. सकाळी पाव पोचवायला गेले तेव्हाही होती आणि संध्याकाळी परत आले तेव्हाही. नुसती गेटकडे बघत. मी विचारलं, कुणाची वाट बघतेस का गं? तर म्हणाली, आई येईल. तिला माहितीये मी कुठे आहे."

मी खाटेचा दांडा धरला.

"मग शेवटची बस लागली," बाई म्हणाली. "ड्रायव्हर ओरडायला लागला तशी ती उठली. कोट काढला, बाकावर ठेवला आणि चढली. मी हाक मारली, अगं कोट! तिने खिडकीतून मान हलवली, नको म्हणून. बस गेली. मी थांबले थोडी, कुणी आलं नाही. मग आणला घरी. पहाटे बेकरीत जाताना मी घालते, इथे आणताना बहिणीला घालते, तिला थंडी फार वाजते हो."

"विसरली असेल," मी म्हणाले. "तिला सवय आहे विसरायची. घाईघाईत बोळा करून टाकला असेल आणि..."

"छे. बोळा कुठला? छान घडी घातली होती. मला तर आधी उलटाच वाटला, कारण तांबडं अस्तर बाहेर होतं. एक खांदा दुसऱ्यात बसवलेला. मी घरी जाऊन तशी घालायला बघितलं, मला जमलंच नाही."

मास्तरांनी बाहीवरचा हात काढून घेतला. त्यांना कळलं आणि मला कळलं, अख्ख्या वॉर्डात आम्हा दोघांनाच. पोरीला घडी येत होती. तिने आयुष्यात एकदाच ती घातली, बापाच्या शब्दाला मान देऊन. एक टाकासुद्धा अंगावर ठेवला नाही. मास्तर वळले आणि गणवेशाची पिशवी छातीशी धरून वॉर्डाबाहेर गेले. चालताना त्यांचा खांदा एका खाटेला लागला, तेही त्यांना कळलं नाही.

ती कोटात होती तेव्हा मला वाटलं नुसता कोट आहे. नुसता कोट होता तेव्हा मला वाटलं ती आहे. बसस्टँड गल्लीपलीकडे होतं. मी तुरपाई करत बसले होते.

बाई कोट काढून माझ्या हातात देऊ लागली. "घेऊन जा ताई, तुमचाच आहे." आजींचे पाय उघडे पडले, त्यांनी ते पोटाशी घेतले. मी कोट परत पसरला, चारी बाजूंनी खोचला. बहिणीलाच राहू दे म्हटलं. मग पर्समधली छोटी कात्री काढली आणि कॉलरखालचा माझा टाका शोधला. खरंच शोधावा लागला, एवढा चांगला घातला होता मी. चार दोरे कापले, चकती काढून घेतली, आणि उसवलेलं अस्तर तिथेच उभं राहून पुन्हा शिवून दिलं. सुई-दोरा माझ्याकडे नेहमी असतो. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मी तिला फिरवू दिला.

मास्तर खाली फाटकाशी उभे होते. घरी जायच्या बसमधून आम्ही बसस्टँडवर उतरलो, तिथून घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. पण ते घराकडे वळले नाहीत. शेवटच्या बाकापाशी गेले, हाताने धूळ झटकली आणि बसले. मीही बसले. तिथून फक्त गेट दिसतं. आमच्या गल्लीतून येणारा माणूस त्याच गेटमधून येणार.

ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता. समोर बसगाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या. त्यातली तिची कुठली, ती कुठे गेली, बाईला आठवत नव्हतं. ती नर्स झाली की नाही, जेवते की नाही, आता आम्हाला काहीच माहीत नव्हतं. पाच महिन्यांत आम्हाला तिच्याबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं एका बेकरीतल्या बाईचं निघालं होतं.

"त्या दिवशीही असंच होतं का?" मास्तरांनी विचारलं. "वारा?"

"होता."

त्यांनी गेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिला थंडी वाजली असेल."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. महिनोन्महिने मनात साठवलं होतं ते सगळं, तुमचा कायदा, तुमची जीभ. पण त्यांनी गणवेशाची पिशवी मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हातांनी ती दाबून धरली होती, वाऱ्याने उडेल म्हणून.

अंगठा आपोआप फोनवर गेला. सवय. या वेळेला मी रोज ठिपका बघायचे. फोनने थोडं शोधल्यासारखं केलं आणि निरोप दाखवला, आणि तोही मी सवयीनेच मोठ्याने वाचला.

"खारुताई जवळ आहे."

मास्तर ताडकन उठले. मांडीवरची पिशवी खाली पडली, पांढरा गणवेश अर्धा बाहेर आला. त्यांचं लक्ष नव्हतं. ते टाचा उंचावून गेटकडे बघत होते, आत येणाऱ्या एकेका माणसाकडे, एकेका मुलीकडे.

"कुठे?" ते म्हणाले. "अगं, कुठे?"

मी मूठ उघडली. चकतीला तांबडा दोरा अजून लटकत होता.